हैदराबादचं पाणी, हैदराबादचा पैसा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

१७ सप्टेंबरच्या निमित्तानं गेल्या अंकात मराठवाडा मुक्तिसंग्रामावर लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांतली निम्मी पत्रं लढ्याबद्दल नाहीतच. ती हैदराबाद शहराबद्दल आहेत. कुणी वसवलं, कसं वाढलं, आमच्या पैशावर वाढलं का, वगैरे. संपादकांनी तो गठ्ठा माझ्याकडे पाठवला, कारण माझी उभी नोकरी परभणीच्या रेकॉर्ड रूममध्ये निजामकाळचे उर्दू आणि मोडी कागद वाचण्यात गेली. हैदराबाद मी आधी कागदावर पाहिलं, शहर म्हणून फार उशिरा. पत्रं लांबलचक आहेत, म्हणून प्रश्न तेवढे आटोपशीर करून घेतलेत. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

प्रश्न : हैदराबाद भागमतीच्या प्रेमापोटी वसवलं हे खरं आहे का? आमच्या कॉलेजात यावरून कडाक्याचं भांडण झालं. (एक विद्यार्थी, उदगीर)

भांडत राहा, बाळा, ते मिटायचं नाही. फरिश्ता हा त्याच काळातला इतिहासकार, विजापूरच्या दरबारी असलेला. तो भागमतीची, म्हणजे महंमद कुली कुतुबशहाच्या प्रेयसीची, गोष्ट सांगतो. कुतुबशाही दरबाराच्या स्वतःच्या कागदांत मात्र ती बाई सापडत नाही. आपल्या मराठी कागदांत शहराचं नाव भागानगर असंच येतं. १६७७ साली शिवाजी महाराज अबुल हसन कुतुबशहाला भेटायला गेले, तेव्हा अक्कण्णा-मादण्णा कारभारी होते, ती भेटही भागानगरचीच म्हणून सांगितली जाते. यापुढे कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडे पुरावा माग.

मला त्या गोष्टीपेक्षा घागरीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. कुतुबशाहीची राजधानी होती गोवळकोंडा, म्हणजे डोंगरावरचा किल्ला. हिऱ्यांचा व्यापार वाढला, माणसं वाढली, तटाच्या आत आणि बाहेर दाटी झाली. पाणी पुरेना आणि रोगराई हटेना. १५६२ च्या सुमारास इब्राहिम कुलीच्या काळात हुसेनसागर बांधला गेला. १५७८ मध्ये मूसीवर पहिला पूल झाला, तो आजही पुराना पूल म्हणून उभा आहे. म्हणजे पूल आधी आणि शहर नंतर, हे लक्षात घे. नदीपलीकडे माणसांची ये-जा सुरू झालेलीच होती. मग १५९१ मध्ये महंमद कुली कुतुबशहानं दक्षिण काठावर शहराची आखणी करून घेतली. आखणीमागचं डोकं मीर मोमीन अस्तराबादी या त्याच्या पेशव्याचं. गोवळकोंड्याहून मच्छलीपट्टणच्या बंदराला जाणारा रस्ता जिथं दुसऱ्या रस्त्याला छेदतो, तिथं चारमिनार उभा केला आणि चारी दिशांना बाजाराचे रस्ते काढले. हिजरी सन १००० लागतं ते याच वर्षी. राजे लोकांना असे आकडे आवडतात.

प्रश्न : औरंगाबाद ही निजामाची राजधानी होती. ती उचलून हैदराबादला का नेली? आमच्या शहरावर तेव्हापासून अन्याय सुरू आहे. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

अन्यायाची तारीख इतकी मागे नेलीत तर मलिक अंबरलाही साक्षीला बोलवावं लागेल. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, डोंगरातून नहर आणून पाणी खेळवलं. शहर तुमचं जुनंच आणि तोलामोलाचं आहे. १६८७ मध्ये औरंगजेबानं गोवळकोंडा घेतल्यावर हैदराबादची रया गेली आणि दख्खनचा कारभार औरंगाबादेतून चालू लागला. १७२४ च्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजाम-उल-मुल्कानं आपलं बस्तान बसवलं तेही औरंगाबादेतच. त्याची कबर तुमच्याकडे खुलताबादला आहे.

मग काय बिघडलं? मराठे जवळ आले. १७६० मध्ये उदगीरला निजामाचा पराभव झाला आणि दौलताबादचा किल्ला देण्याचं त्याला कबूल करावं लागलं. राजधानीच्या वेशीपासून कोस-दोन कोसांवर, समजा चार कोसांवर, शत्रूचं निशाण! १७६३ मध्ये निजाम अलीनं पुणं लुटलं, त्याचा हिशेब माधवराव पेशव्यांनी त्याच वर्षी १० ऑगस्टला राक्षसभुवनला, आपल्या बीड जिल्ह्यातल्या गोदाकाठी, चुकता केला. निजाम अलीनं त्यानंतर राजधानी हैदराबादला हलवली. पूर्वेकडचे किनारपट्टीचे सुभे, फ्रेंच, इंग्रज, सगळा नवा डाव तिकडेच मांडला जात होता. सुरक्षितही तेच होतं. यात औरंगाबादवर राग वगैरे नव्हता.

तुमच्या वाट्याला नंतर सुभेदारी राहिली. सुभेदाराचं दफ्तर असलेलं शहर आणि राजधानी यांत काय फरक असतो, तो पुढच्या एका उत्तरात येईल.

प्रश्न : आमचे पणजोबा १९०८ च्या पुरात हैदराबादला वाहून गेले असं घरात सांगतात. एवढा मोठा पूर होता का? (एक वाचक, मानवत)

होता. आणि माझं मत विचाराल तर आज दिसणारं हैदराबाद चारमिनारपासून सुरू होत नाही, या पुरापासून सुरू होतं.

२८ सप्टेंबर १९०८. मूसीच्या वरच्या खोऱ्यात ढग फुटला. शमशाबादला, जिथं आज विमानतळ आहे, २४ तासांत जवळपास १३ इंच पाऊस पडला. त्या खोऱ्यात शेकडो जुने तलाव होते, साखळीनं बांधलेले, एकाचं सांडलेलं पाणी खालच्यात. त्यांतले दोनशेहून जास्त एकामागून एक फुटले. वरचा फुटला की त्याचं पाणी खालच्याला फोडतं. पावसाचं पाणी आणि तलावांचं पाणी असं दोन्ही मिळून शहरावर आलं. नदीवरच्या चार पुलांपैकी अफझल पूल, मुसल्लम जंग पूल आणि चादरघाटचा पूल वाहून गेले. सगळ्यात म्हातारा पुराना पूल तेवढा टिकला. अफझलगंज आणि काठावरचे मोहल्ले पाण्याखाली गेले. माणसं किती गेली याचे अंदाज वेगवेगळे असले, तरी १५ हजारांचा आकडा बहुतेक ठिकाणी येतो. अमजद हैदराबादी या शायराचं सगळं घर, आई, बायको, लेक, या पुरात गेलं आणि तो एकटा वाचला. आजच्या उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारात एक चिंच आहे. तिच्या फांद्यांना धरून दीडशेच्या आसपास माणसं जगली असं सांगतात. हॉस्पिटलात आपल्याकडचे लोक नेहमी जातात. रुग्णाला घेऊन गेलात तर डबा खायला त्या चिंचेखाली बसा.

तुमच्या पणजोबांसारखी जिल्ह्यांतून गेलेली माणसं त्यात किती असतील, याची यादी कुणी केली नाही. कोर्टकचेरीसाठी आलेला, सराईत उतरलेला, शहरात ओळखपाळख नसलेला माणूस कुणाच्या मोजणीत येणार?

पुढचं ऐका. महबूब अली खान निजाम होते. त्यांनी विश्वेश्वरय्यांना बोलावलं. ते मुंबई इलाख्याच्या नोकरीतून नुकतेच मोकळे झाले होते. १९०९ मध्ये ते आले, खोरं फिरले, तलाव मोजले आणि सांगितलं की शहरात भिंती बांधून भागणार नाही, पाणी वरच अडवा. मूसीवर एक आणि तिला मिळणाऱ्या ईसीवर एक, अशी दोन धरणं. मूसीवरचं उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसीवरचं हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झालं. पूर अडवायला बांधलेली ही धरणं शहराला प्यायचं पाणी द्यायला लागली, हा खरा फायदा. शहर त्यामुळे वाढू शकलं.

१९११ मध्ये प्लेगनं उरलीसुरली गल्लीबोळं हादरवली. १९१२ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड निघालं. नव्या निजामाच्या, म्हणजे मीर उस्मान अलींच्या, कारकिर्दीतलं हे पहिलं मोठं काम. दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, गरिबांसाठी चाळीवजा घरं बांधली, नदीकाठाला भिंत घालून बागा केल्या. काठावर एका बाजूला हायकोर्ट आणि समोर उस्मानिया हॉस्पिटल उभं राहिलं. दोन्ही इमारतींची रेखाटणं व्हिन्सेंट एश या इंग्रज वास्तुविशारदाची. हायकोर्टाचा लाल दगड, घुमट, तो सगळा थाट पुरानंतरचा आहे. लोक त्याला चारशे वर्षांचा समजून फोटो काढतात.

एक गोष्ट खटकते ती लिहून टाकतो. नांदेड-लातूरच्या बसगाड्या जिथं उतरवतात ते इमलीबनचं बसस्टँड मूसीच्या पात्रातच, बेटावर बांधलंय. २०२५ च्या सप्टेंबरात वरच्या धरणांचे दरवाजे उघडले आणि स्टँडात पाणी शिरलं. प्रवासी अडकले. विश्वेश्वरय्यांनी वर अडवायला सांगितलेलं पाणी सोडायचं कुठं, याचा विचार बसस्टँड बांधणाऱ्यानं करायला हवा होता.

प्रश्न : निजाम जगातला सर्वांत श्रीमंत माणूस होता म्हणतात. मग आमच्या जिल्ह्यात त्यानं बांधलेलं काहीच कसं दिसत नाही? (एक शिक्षक, जिंतूर)

गुरुजी, याच प्रश्नाचं उत्तर माझ्या रेकॉर्ड रूममध्ये चाळीस कपाटांत भरून ठेवलेलं होतं.

आधी हिशेब सांगतो. राज्यातली सगळी जमीन सरकारी नव्हती. साधारण ६० टक्के दिवाणी, म्हणजे सरकारात सारा भरणारी. उरलेल्यात निजामाची खासगी मालकीची सर्फेखास, पायगा अमीरांच्या, म्हणजे बड्या सरदार घराण्यांच्या, जहागिरी आणि इतर जहागीरदार. जहागिरीतल्या गावाचा सारा गावाच्या मालकाकडे जायचा, आणि मालक राहायचा हैदराबादेत, आपल्या देवडीत. देवडी म्हणजे दोन-तीन चौकांचा वाडा, हत्ती आत जाईल असा दरवाजा, नोकरांची वस्ती, मशीद, विहीर. जुन्या शहरात अशा देवड्या ओळीनं होत्या. आपल्याकडची ज्वारी, कापूस, करडई ज्या बाजारात विकली गेली त्या बाजारातला पैसा तिथं जाऊन झुंबरं झाला. जहागिरी खालसा झाल्या त्या थेट १९४९ मध्ये.

१८५३ पासून तीस वर्षं दिवाण असलेल्या पहिल्या सालारजंगांना मी यातून वेगळं काढतो. वसुलीचा मक्ता देण्याची पद्धत त्यांनी मोडली, १८६५ मध्ये जिल्हे पाडले, पगारी अंमलदार नेमले. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि नळदुर्ग ही आपल्याकडची जिल्ह्यांची चौकट त्यांची. नळदुर्गचा पुढे उस्मानाबाद जिल्हा झाला, आता धाराशिव. तलाठ्याला अजून पटवारी आणि मंडळ अधिकाऱ्याला गिरदावर म्हणणारी म्हातारी माणसं तुमच्या गावात असतील, ती त्याच घडीची.

पण घडी बसवली तरी गाठ हैदराबादेतच मारलेली. एक मिसल, म्हणजे कागदांची फाइल, माझ्या हातून गेली ती सांगतो. एका गावच्या बारवेची पडझड झाली होती, दुरुस्तीला थोडी रक्कम हवी होती. मिसलीत सगळ्यात खाली पटवाऱ्याची मोडीतली कैफियत, बोरूनं लिहिलेली, हळदीचा डाग पडलेली. त्यावर गिरदावराचा शेरा. मग तहसीलदाराचा, इथून पुढे सगळं उर्दू. मग अव्वल तालुकदार, म्हणजे आजचे कलेक्टर. मग औरंगाबादला सुभेदार. मग हैदराबादला मालगुजारीचे मोतमद, म्हणजे महसूल सचिव. वर जाताना प्रत्येक टेबलावर एक शिक्का आणि एक वळणदार सही, आणि प्रत्येक अक्षर खालच्यापेक्षा जास्त घाईत लिहिलेलं. हैदराबादच्या शेऱ्यातली शिकस्ता लिपी, म्हणजे घाईनं मोडून लिहिलेलं अक्षर, लावायला मला भिंग घ्यावं लागलं. मजकूर एवढाच की यंदा गुंजाईश नाही, पुढील साली पेश करावे. कागद परत त्याच पायऱ्या उतरत खाली आला. साल फसली १३२६. फसली म्हणजे निजामाचं महसुली साल. फसलीत ५९० मिळवा, १९१६ येतं. त्या साली तिकडे उस्मानसागराची बांधणी चालू होती.

मी निजामाला शिव्या द्यायला हे लिहीत नाही. उस्मानसागर हवंच होतं. पण राजधानी वाढते म्हणजे काय, तर निर्णय जिथं होतो तिथल्याच गल्लीला आधी फरशी बसते. मुंबईत मंत्रालय आहे म्हणून आता तरी वेगळं घडतं का, हे तुम्हीच तुमच्या शाळेच्या खोल्यांसाठी खेटे घालताना पाहता.

आणि काहीच बांधलं नाही हेही पूर्ण खरं नाही. औरंगाबादचं इंटरमिजिएट कॉलेज होतं, नांदेडची उस्मानशाही मिल होती, ठिकठिकाणच्या तहसिलीच्या दगडी कचेऱ्या होत्या. मात्र मिल आणि कचेरी, दोन्ही घ्यायला बसलेल्या इमारती.

प्रश्न : नांदेड महाराष्ट्रात, मग आमची रेल्वे सिकंदराबादच्या हाताखाली का? (एक प्रवासी, नांदेड)

रूळ ज्यानं टाकले त्याच्या दिशेनं ते जातात, म्हणून. १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद लाइन झाली आणि हैदराबाद मुंबईला जोडलं गेलं. आपल्याकडची मनमाड-सिकंदराबाद ही हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या आसपास, मीटरगेजची. जालना, सेलू, परभणी, पूर्णा, नांदेड, ही कापसाची पट्टी तिनं ओवली. त्याआधी हैदराबादला जायचं म्हणजे बैलगाडी आणि मुक्काम. १९१६ मध्ये काचीगुडा स्टेशन बांधलं. आपल्याकडच्या तीन पिढ्यांचं हैदराबाद काचीगुड्याच्या घुमटाखाली सुरू झालंय.

संस्थान गेल्यावर निजामाची रेल्वे मध्य रेल्वेत आली होती. १९६६ मध्ये दक्षिण मध्य झोन झाला, मुख्यालय सिकंदराबाद. नांदेडला वेगळा विभाग २००३ मध्ये मिळाला, तो त्याच झोनमध्ये ठेवून. मध्य रेल्वेत घाला ही मागणी जुनी आहे. मला विचाराल तर झोन कुठलाही द्या, आधी दुहेरी लाइन द्या.

प्रश्न : २०१६ मध्ये आम्ही रेल्वेचं पाणी प्यालो. आमची मांजरा मात्र हैदराबादची तहान भागवते. हा कुठला न्याय? (एक गृहिणी, लातूर)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. संताप बरोबर आहे, पण नळ थोडा वेगळ्या जागी आहे.

मांजरा उगवते बीड जिल्ह्यात, पाटोद्याकडच्या बालाघाटात. धनेगावच्या धरणातून लातूरला पाणी मिळतं. तिथून पुढे ती कर्नाटकात बिदरकडून तेलंगणात शिरते. निजामाच्या काळात १९३१ मध्ये तिच्यावर निजामसागर झालं, ते शेतीसाठी. अली नवाज जंग हे त्याचे इंजिनिअर. ते पाहिलं नसेल तर पाहा, अजून देखणं आहे. उस्मानसागर आणि हिमायतसागर शहराला अपुरे पडू लागले तेव्हा १९६५ मध्ये मांजरेचं पाणी हैदराबादला नेलं. पुढे सिंगूर धरण झालं आणि नव्वदीच्या दशकात त्याचंही पाणी शहराकडे वळलं. म्हणजे मूसी पुरेना म्हणून मांजरा, इतकं सरळ.

पण तेवढ्यावर शहर थांबलं नाही. २००४ पासून नागार्जुनसागराकडून कृष्णेचं पाणी आलं, शंभरावर किलोमीटर अंतरावरून. २०१५ च्या सुमारास येल्लमपल्लीहून गोदावरीचं आलं. ती गोदावरीही आपल्या पैठण, गंगाखेड, नांदेडवरून खाली गेलेली. १९०१ मध्ये साडेचार लाखांच्या आत असलेलं शहर २०११ मध्ये महापालिका हद्दीत ६८ लाखांच्या आसपास गेलं, तेव्हा त्याला या सगळ्या नद्या लागल्या.

आता तुमच्या २०१६ कडे येऊ. त्या वर्षी धनेगाव कोरडं होतं, म्हणून मिरजेहून पाण्याची गाडी आली. पण सिंगूरही कोरडंच होतं. उस्मानसागर, हिमायतसागर आटले होते. मांजरेतून हैदराबादला जाणारं पाणी बंद पडलं होतं. तुमच्या वाटचं पाणी त्या साली तिकडे कुणी प्यालं नाही. फरक हा की मांजरा आटल्यावर हैदराबादेत कृष्णा आणि गोदावरीचे पाइप चालू राहिले, आणि लातूरकडे मांजरेशिवाय दुसरा पाइप नव्हता. चार लाखांचं शहर एकाच धरणावर टांगून ठेवणं ही आपल्याकडच्या कारभाराची गोष्ट आहे. त्यासाठी हैदराबादशी भांडून उपयोग नाही. जिल्ह्यात उसाला किती पाणी गेलं, हेही त्या भांडणात आणा, मग तुमच्याच गल्लीत दोन तट पडतील.

भांडायचंच असेल तर धर्माबादजवळच्या, गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याचं उदाहरण आहे. सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये निकाल दिला की १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे. ऐन पावसाळ्यात बंधारा बांधून रिकामा, आणि दरवाजे खाली टाकायला परवानगी मिळते तोवर पाऊस परतलेला. खालच्या राज्याचा हक्क मी नाकारत नाही. पण धर्माबादच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला जायचं धाडस माझ्यात नाही.

प्रश्न : कागदपत्रांसाठी हैदराबादला जावं का? आमच्या गावात सगळे म्हणतात की जुन्या नोंदी तिथं आहेत. (एक वाचक, गेवराई)

लगेच नको. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय निघाला, तेव्हापासून हा प्रश्न रोज एकदा तरी येतो. आधी तुमच्या तहसिलीची, भूमी अभिलेखची आणि कलेक्टर कचेरीची रेकॉर्ड रूम संपवा. गावपातळीचा कागद बहुधा खालीच असतो, वर जातो तो गोषवारा. तिथं नाहीच मिळालं तर हैदराबादला तारनाक्याला राज्याचं अभिलेखागार आहे. जाताना गावाचं जुनं नाव, जुना तालुका, गाव दिवाणी होतं की जहागिरीचं, आणि फसली साल एवढं लिहून न्या. जहागिरीचं गाव असेल तर दफ्तर वेगळं निघतं. उर्दू वाचणारा माणूस सोबत न्या. बाहेर उभा असलेला एजंट घेऊ नका.

प्रश्न : मुलगा गच्चीबावलीत कंपनीत लागलाय. सुट्टीला खोलीतच पडून असतो. तिथं मराठी माणूस, मराठी पुस्तक काही भेटेल का? (एक आई, हिंगोली)

भेटेल, काकू. तुमचा मुलगा पहिला नाही. आपल्याकडची पोरं शंभर वर्षांपासून तिकडेच जातायत. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये निघालं, उर्दू माध्यमाचं, आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ होईपर्यंत आपली कॉलेजं त्यालाच जोडलेली होती. १९३८ मध्ये वसतिगृहात वंदे मातरम् म्हटलं म्हणून तिथून मुलांना काढलं, ती नागपूरला जाऊन शिकली.

आता तिथं नोकऱ्या का मिळतात तेही सांगतो. कंपनीवाल्यांना वाटतं १९९८ च्या सायबर टॉवर्सपासून शहर सुरू झालं. त्याआधी साठच्या दशकात आयडीपीएल, बीएचईएल, ईसीआयएल असे मोठे सरकारी कारखाने आले. औषधांच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात मुरलेली माणसं त्यांतून तयार झाली, आणि पुढचे खासगी उद्योग त्यांच्या जिवावर उभे राहिले. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात गेलो, हैदराबाद आंध्र प्रदेशची राजधानी झालं, २०१४ मध्ये तेलंगणची. दोन्ही वेळा राज्याच्या सीमा बदलल्या आणि शहर काही थांबलं नाही.

मराठी वस्तीचं म्हणाल तर सुलतान बाजार, काचीगुडा, बडी चावडी हा जुना पट्टा. सुलतान बाजार हा आधी इंग्रज रेसिडेन्सीचा बाजार होता. निजामाच्या पोलिसांचा हात तिथं पोचत नव्हता, म्हणून वकील, सावकार, सभा, गणपती सगळं तिथं जमलं. १९०७ मध्ये केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांनी विवेकवर्धिनी शाळा काढली, ती आज कॉलेजांसकट उभी आहे. मराठी ग्रंथ संग्रहालय त्याच भागात आहे, शंभरीतलं.

मुलाला सांगा, रायदुर्गहून मेट्रो पकडायची, अमीरपेठला लाइन बदलायची, उस्मानिया मेडिकल कॉलेज स्टेशनला उतरायचं. तिथून सुलतान बाजार चालत. ग्रंथालयाची वेळ आधी फोन करून विचारावी आणि वर्षाची वर्गणी एकदमच भरावी, म्हणजे पैसे भरलेत म्हणून तरी तो जाईल.